मुरलीधरची तीन माफीपत्रं

मुरलीधर हिंगणेचा माफी मागण्यात हातखंडा होता. ही चेष्टा वाटेल, पण परक्या देशात सतरा वर्षं काढायची म्हणजे माणसाला एखादी तरी कला अंगी बाणवावी लागते, आणि मुरलीधरने ही बाणवली होती. चिंचवडहून तो मेलबर्नला आला तो स्वयंपाकाच्या कोर्सला, कारण त्या कोर्सवर पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, हमखास मिळतो असं एजंटाने सांगितलं होतं. तोवर पठ्ठ्याने आयुष्यात कुकरही लावला नव्हता. पहिल्या घरमालकाने कार्पेटवरच्या डागावरून झापलं. डाग आधीच्या भाडेकरूचा होता. तरी सॉरी मुरलीधरच म्हणाला, आणि मालक इतका विरघळला की पुढची चार वर्षं त्याने त्याला तिथून हलवलं नाही.

आधी आपण पडतं घ्यायचं, मग समोरचा आपोआप खाली येतो, असं तो नव्याने आलेल्या पोरांना फॉस्टर स्ट्रीटवर चहा पाजताना ऐकवायचा. खरं सांगायचं तर तोवर त्याचं फारसं चुकलंही नव्हतं. याच जोरावर तो फ्रोझन समोसे आणि स्प्रिंग रोल बनवणाऱ्या फॅक्टरीत पॅकिंगवरून क्वालिटीला गेला होता. डँडेनॉन्ग उपनगरात घर झालं होतं. बायको चित्रलेखा वृद्धाश्रमात केअरर होती, आणि एकुलती एक मुलगी उर्वी जवळच्याच सरकारी हायस्कूलमध्ये नववीला होती.

ही विद्या त्याला वडिलांकडून मिळाली होती. तो सातवीत असताना वर्गाची काच फुटली आणि नाव मुरलीधरचं आलं. वडील पहिल्या पाळीवरून सुटून कंपनीच्या निळ्या कपड्यांतच शाळेत आले आणि हेडसरांसमोर हात जोडून म्हणाले की पोरगं तुमचंच आहे, सोलून काढा, पण वर्गात बसू द्या. हेडसरच अवघडले. त्यांनी चहा मागवला. मग वडिलांनी रेघांच्या कागदावर हमीपत्र लिहून दिलं, की माझ्या पाल्याकडून पुन्हा असे वर्तन होणार नाही. तो कागद टेबलाच्या खणात गेला आणि नंतर कुणी त्याचं तोंडही पाहिलं नाही. काच कुणी फोडली हे वडिलांनी मुरलीधरला विचारलं नाही, सरांनीही विचारलं नाही. तिकडे हमीपत्राचा अर्थ एवढाच होता की विषय मिटला, आता सगळ्यांनी कामाला लागा. शाळा म्हटली की ती सगळीकडे अशीच असणार, असं मुरलीधरने गृहीत धरलं होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्याला फॅक्टरीत शाळेचा फोन आला. उर्वीने एका मुलीचा फोन हिसकावून भिंतीवर आपटला होता आणि तिला ढकलून दिलं होतं. ताबडतोब या, म्हणाले. चित्रलेखा शिफ्टला होती. मुरलीधर पिवळ्या जॅकेटवरच, डोक्यावरची जाळी काढायचंही विसरून, निघाला. वाटेत तो मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होता, आणि त्यातलं एकही वाक्य प्रश्नाचं नव्हतं.

असिस्टंट प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर भिंतीला लागून पाच निळ्या खुर्च्या होत्या. तिथे एक उंच, सडपातळ सुदानी बाई आपल्या मुलाशेजारी बसली होती. तिने याच्या तोंडावरचा घाम पाहिला आणि अगदी घरच्यासारखी बोलायला लागली. तिचं नाव आबुक. मुलाचं डेंग, दहावीतला. त्याचं हे या वर्षातलं तिसरं सस्पेन्शन. ती हळू आवाजात म्हणाली, "ब्रदर, आत काही कबूल करू नका. कशावर सही करू नका. आधी मुलीला विचारा काय झालं. आणि दुसऱ्या मुलीला काय शिक्षा दिली, ते त्यांना विचारा."

मुरलीधर थँक यू म्हणाला, नो वरीज म्हणाला, आणि उठून एक खुर्ची सोडून पलीकडे बसला. का बसला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याला कुणी त्यांच्यातलं समजू नये, असं त्याला वाटलं. आपण टॅक्स भरणारी, मुलांना क्लासला घालणारी माणसं, आपला इथे येण्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग, हे त्या एका खुर्चीच्या अंतरातून सगळ्यांना कळावं अशी त्याची इच्छा होती. आबुकला ते बरोबर कळलं. ती मुलाकडे वळली.

आत मिसेस प्रिचर्ड होत्या. बाई आवाजाने मऊ, बोलायला गोड. समोर उर्वी बुटांकडे बघत बसली होती. फोन मॅडी नावाच्या मुलीचा होता, त्याची स्क्रीन फुटली होती, तिच्या कोपराला खरचटलं होतं. मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या की उर्वी असं का वागली हे ती सांगत नाहीये, तुम्ही विचारून बघता का? विचारायला दार उघडंच होतं. पण चार परक्या माणसांत आपल्या मुलाला 'का केलंस' विचारायचं म्हणजे त्याची बाजू घेतल्यासारखं होतं, हे मुरलीधरच्या हाडीमाशी खिळलेलं. तो उभा राहिला, त्याने हात जोडले आणि कमरेत वाकून म्हणाला, "सॉरी मॅम. व्हेरी व्हेरी सॉरी. इट इज अवर फॉल्ट. प्लीज पनिश हर ॲज यू लाइक." मिसेस प्रिचर्डनी त्याचे आभार मानले. इतका सहकार्य करणारा पालक विरळा, असंही म्हणाल्या. उर्वीला तीन दिवसांचं सस्पेन्शन मिळालं.

गाडीत त्याने उर्वीला फक्त एवढंच ऐकवलं की कुणी काहीही म्हणो, हात उचलायचा नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्या आल्या त्याने जेवायच्याही आधी ईमेल लिहिला. आमच्या मुलीने केलेल्या हल्ल्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, तिची चूक आम्हाला पूर्ण मान्य आहे, पुन्हा असे होणार नाही याची मी हमी देतो. हल्ला हा शब्द शाळेनेही वापरला नव्हता. तो याने आपल्या पदरचा घातला, कारण माफी जितकी जाड तितकं प्रकरण लवकर मिटतं, असा त्याचा अनुभव होता. हे त्याचं पहिलं माफीपत्र. ते लिहून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने स्वतः कांदेपोहे केले.

त्या तीन दिवसांत उर्वी घरात एकटी होती. आई-बाप दोघंही कामावर, टेबलावर डबा, आणि शाळेने दिलेली वर्कशीटं. मॅडी दुसऱ्याच दिवशी वर्गात होती. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला मुरलीधरने कळवलं की उर्वीला व्हायरल आहे. मंडळातला त्याचा मित्र श्रीनिवास, आयटीतला, त्याने फोन करून चौकशी केली तर मुरलीधरने त्याला तापाचा आकडासुद्धा सांगितला. उर्वी शेजारच्या सोफ्यावर बसून ते ऐकत होती.

परत गेलेली उर्वी मात्र आधीची राहिली नव्हती. गणितात पुढे असणारी, सतत बडबड करणारी पोर आता घरी येऊन खोलीचं दार लावून घ्यायची. विचारलं की "आय'म फाइन", एवढंच. शाळेत तर तिच्यावर जणू शिक्काच बसला होता. जूनमध्ये वर्गात तिघांच्या हातात फोन सापडले. दोन मुलांनी ते शिक्षकांकडे दिले नाहीत, त्यांना ताकीद मिळाली. उर्वीनेही दिला नाही, तर तो उद्धटपणा ठरला, आणि आधीची नोंद असल्यामुळे चार दिवसांचं सस्पेन्शन मिळालं. त्या दोन मुलांची गोष्ट तिने जेवताना एकदा सांगितली होती. मुरलीधर म्हणाला की त्यांचं त्यांच्यापाशी, आपण आपलं वागणं बघावं. आणि दुसरं माफीपत्र लिहिलं. त्यात त्याने घरी कडक शिस्त लावण्याचं कबूल केलं, आणि तिच्या वागण्यात अलीकडे राग दिसतो हे आम्हालाही जाणवलं आहे, असंही लिहून टाकलं. चित्रलेखा म्हणाली होती की पाठवायच्या आधी मला वाचू दे. पण तिची शिफ्ट संपायला वेळ होता आणि याला घाई होती.

तिसरं प्रकरण ऑगस्टमध्ये झालं. कॉरिडॉरमध्ये काही मुलींनी काहीतरी केलं, त्यावर बाकीची मुलं हसली, उर्वी किंचाळत त्यांच्यावर धावून गेली. एका शिक्षकाने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि तिने त्यांचा हात झटकला. त्या झटक्यात त्यांचा चष्मा पडला. शाळेने लिहिलं की विद्यार्थिनीने शिक्षकांवर हात टाकला. पाच दिवस. त्या मुली सात होत्या. त्यांना मिसेस प्रिचर्डनी बोलावून समज दिली. मुरलीधरचं तिसरं माफीपत्र दीड पान झालं. त्यात त्याने त्या शिक्षकांची नाव घेऊन क्षमा मागितली, आणि शेवटी लिहिलं की शाळा जो निर्णय घेईल तो आम्हाला मान्य राहील.

शाळेने निर्णय घ्यायचं ठरवलं. आठवड्याने पत्र आलं. वर्षभरातल्या वर्तनाचा विचार करता उर्वीला शाळेतून कायमचं काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे, त्याआधी पालकांसोबत बैठक होईल, सोबत एखादी व्यक्ती आणता येईल. पत्राला पुरावे जोडले होते. तीन सस्पेन्शनची कागदपत्रं, आणि त्यांच्या मागे मुरलीधरचे तिन्ही ईमेल, तारीखवार, काही वाक्यं पिवळ्या रंगाने ठळक केलेली. चित्रलेखाने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचले. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हे. तिने कागद ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "मुरली, हे तू लिहिलंस? हल्ला म्हणून? तू तिला एकदा तरी विचारलंस का रे?"

हे कागद कुठल्या खणात गेलेच नव्हते. प्रत्येक कागद जपून, लावून ठेवला होता, आणि आता बाहेर काढला होता. तो उर्वीच्या दारावर गेला, टकटक केली, "बाळा, काय झालं होतं तेव्हा?" म्हणाला. आतून उत्तर आलं, "इट डझन्ट मॅटर." तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. चार महिने उशिरा विचारलेल्या प्रश्नाला पोरीने उत्तर द्यावं अशी अपेक्षा करायला त्याला तोंड नव्हतं, आणि हे त्यालाही समजत होतं.

बैठक दहा दिवसांवर होती. मुरलीधरला त्या दिवसांत झोप नाही, जेवण नाही. फॅक्टरीत तो लाइनवर उभा राहून डब्यांकडे नुसता बघत राहायचा. त्याचं काम अगदी साधं होतं. मेटल डिटेक्टरने बाजूला टाकलेले डबे मोजायचे, कुठल्या लाइनचे किती ते लिहायचं. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी शिकवायचा की सगळे रिजेक्ट एकाच लाइनचे येत असतील तर डब्यांना दोष देऊ नका, आधी मशीन तपासा. त्या दिवशी असे डबे मोजताना त्याला निळ्या खुर्च्या आठवल्या. तो आजवर तीन वेळा तिथे बसला होता. तिथे कोण कोण होतं ते त्याने बोटांवर मोजलं. डेंग. दोन अफगाण भाऊ. सामोआची एक धिप्पाड, रडवेली मुलगी. एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथला मूळनिवासी मुलगा, त्याच्या सोबत त्याची आजी. आणखी तीन सुदानी. उर्वी. आणि दोन गोरी मुलं. अकरांत दोन. त्याच खुर्च्यांच्या वर भिंतीवर सगळ्या शाळेचा फोटो लावलेला होता, त्यात निम्म्याहून जास्त चेहरे गोरे होते. इतके महिने तो त्या फोटोखाली बसून घाम पुसत होता, आणि मोजणं हेच पोटापाण्याचं काम असलेल्या माणसाने हे मोजलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तो शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभा राहिला. आबुकची धाकटी मुलगी सातवीत होती, तिला घ्यायला आबुक अधूनमधून येत असे. चार दिवस थांबल्यावर ती भेटली. मुरलीधर तिच्याशीही सॉरीनेच सुरुवात करणार होता, पण तिने हात वर करून थांबवलं आणि मुलीचं काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, माफीपत्रांसकट. ईमेलचं ऐकून तिने डेंगचं सांगितलं. डेंगला जूनमध्येच काढलं होतं. आता तो एका गोदामात पेट्या उचलत होता, अठराचाही नव्हता. शाळेने त्याला दुसरी शाळा सुचवली होती, दोन ट्रेन बदलून जायची, तिथे तो दोन आठवडे गेला आणि मग उठेनासाच झाला. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही, एवढ्या वेळा तिने ते सांगितलं होतं. मुरलीधरने बैठकीला सोबत याल का विचारलं. ती हो म्हणाली. खुर्चीचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

बैठक प्रिन्सिपल मिस्टर डोनलींच्या खोलीत झाली. मिसेस प्रिचर्ड होत्या, चष्मेवाले शिक्षक होते, टिपणं घेणारी एक बाई होती. या बाजूला चित्रलेखा, मुरलीधर, आबुक, आणि मधे उर्वी, केस घट्ट बांधलेले, नजर टेबलावर. मिस्टर डोनलींनी सगळ्यांचं स्वागत केलं आणि मुरलीधरचे ईमेल मोठ्याने वाचले. तिन्ही. पिवळी वाक्यं दोनदा. आपणच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मुरलीधरला वाटलं की हे थांबवावं, उठून तो कागद ओढून घ्यावा, पण तो तसाच हात मांडीखाली दाबून बसून राहिला. हात मोकळे राहिले तर ते आपोआप जोडले जातील, अशी त्याला भीती होती.

वाचून झाल्यावर तो बोलला. म्हणाला की हे मी लिहिलं, पण मी मुलीला न विचारता लिहिलं. मी तिथे नव्हतो. आमच्याकडे असं लिहून देतात, त्याचा अर्थ वेगळा असतो. मिस्टर डोनलींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिस्टर हिंगणे, मला समजून घ्यायचंय. तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं सांगताय?"

तेव्हा तो खोटं बोलला नव्हता, आणि खरंही बोलला नव्हता. तो नुसता वाकला होता. पण वाकण्याला त्या टिपणांमध्ये रकाना नव्हता. चित्रलेखाने ठणकावून विचारलं की माझी मुलगी गेल्या वर्षी पहिल्या पाचांत होती, ती एका दिवसात बिघडली, याचं कारण शाळेने शोधलं का? ते म्हणाले की आम्ही विचारलं, ती सांगत नाही. आबुकने विचारलं की त्या सात मुलींना काय शिक्षा झाली. ते म्हणाले, दुसऱ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलता येत नाही. मग तिने विचारलं की या वर्षी इथून सस्पेंड झालेल्या मुलांत काळी-सावळी किती आणि गोरी किती. मिस्टर डोनली जरा दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, आम्ही मुलांकडे तसं पाहत नाही, म्हणून तशी नोंदही ठेवत नाही. आबुक म्हणाली, "मी ठेवते." टिपणं घेणाऱ्या बाईने ते लिहिलं की नाही, ते दिसलं नाही.

शेवटी त्यांनी उर्वीला विचारलं की तुला काही सांगायचं आहे का. ती पहिल्यांदाच वर बघून इंग्रजीत म्हणाली, "माझ्या बाबांनी सगळं सांगितलंय. तुमच्याकडे लेखी आहे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मुरलीधरला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी निर्णय आला. उर्वीला काढून टाकलं होतं. दहा दिवसांत वर अपील करता येईल, ते पालकांनीच करायचं, अर्जात घडलेल्या घटनांचा विद्यार्थिनीच्या बाजूने तपशील द्यायचा. चित्रलेखा त्या संध्याकाळी रडली, न लपवता, जेवणाच्या टेबलावर. तिने आबुककडून सल्ला देणाऱ्या एका संस्थेचा नंबर आणला, तिथली बाई म्हणाली की मुलीचं स्वतःचं म्हणणं असेल तर काहीतरी करता येईल, नसेल तर फाइलमध्ये फक्त वडिलांचंच म्हणणं आहे. उर्वी काही सांगायला तयार नव्हती. ती दिवसभर अंथरुणात पडून असायची. दुसऱ्या शाळेचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करायची. डेंगचं गोदाम मुरलीधरच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आठ दिवस असे गेले. या आठ दिवसांत त्याने अर्ज चार वेळा लिहायला घेतला आणि चारही वेळा त्याच्या हातून पहिला शब्द सॉरी असाच उमटला.

शनिवारची दुपार होती. अर्ज सोमवारी पोचायला हवा होता. चित्रलेखा आफ्टरनून शिफ्टला गेली होती. मुरलीधर टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता, तेव्हा उर्वी पाणी प्यायला बाहेर आली आणि स्क्रीनकडे बघून दारातच थांबली.

"बाबा, प्लीज," ती म्हणाली. "तू आता काही लिहू नकोस."

मुरलीधरने टाईप केलेलं सगळं तिच्यासमोर पुसलं. मग म्हणाला की मी नाही लिहीत, तू सांग, मी फक्त टाईप करतो. तुझा एकही शब्द बदलणार नाही. इंग्रजीत सांग, मराठीत सांग, सांगू नको वाटलं तर नको सांगूस, मी इथे बसून आहे. उर्वीने ग्लासात पाणी घेतलं. मग समोरची खुर्ची ओढून बसली, त्याच्याकडे न बघता.

"मॅडीकडे एक व्हिडिओ होता," ती म्हणाली. "मॅडीकडे म्हणजे, सगळ्यांकडेच होता. पेरेंट-टीचर इव्हनिंगचा."

त्याने टाईप केलं. कुणाचा व्हिडिओ, विचारलं.

"तुझा."

मे महिन्याच्या सुरुवातीला शाळेच्या हॉलमध्ये पालकांना बोलावलं होतं. मुरलीधर गणिताच्या सरांसमोर उभा होता. सर उर्वीचं कौतुक करत होते, आणि याने सवयीने हात जोडले होते, कमरेतून वाकून थँक यू सर, सॉरी सर, शी विल वर्क हार्डर सर, असं काहीतरी म्हटलं होतं. शेजारच्या टेबलावरून मॅडीने ते फोनवर घेतलं. त्याला सर्कशीचं संगीत लावलं. मुरलीधर वाकतो, उठतो, पुन्हा वाकतो, पुन्हा उठतो, थांबतच नाही. आठवडाभर उर्वी वर्गात शिरली की मुलं हात जोडून तिच्यासमोर वाकत होती, सॉरी सर म्हणत होती. मंगळवारी मॅडीने तो व्हिडिओ तिच्या तोंडासमोर धरला, तेव्हा तिने फोन भिंतीवर फेकला. ऑगस्टमध्ये कॉरिडॉरमध्ये त्या सातजणी ओळीने उभ्या राहून वाकल्या होत्या.

उर्वी हे सगळं एकसुरात, तुटक इंग्रजीत सांगत होती आणि मुरलीधर टाईप करत होता. अक्षरं इकडची तिकडे पडत होती. सगळं झाल्यावर त्याने हात खाली घेतले.

"मला का नाही गं सांगितलंस?"

"काय सांगणार?" ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी ऑफिसमध्ये बसले होते. मला वाटलं, तू आलास की सांगेन. मग तू आलास, आणि मिसेस प्रिचर्डसमोर सेम तेच केलंस. माझ्यासमोर."

मुरलीधरने तेही टाईप केलं, ती बोलली तसंच, आणि मग पुढे काय झालं, असं तिला विचारलं.